मनोहर होणे

अजी,

तुमच्या तेरवीच्या पंगतीत एका वाढप्यानं माझ्या जावेच्या पानात बुंदीवर वरण ओतलं. बिचारा घाईत होता, बादली जड होती, ऊन थेट डोळ्यांवर येत होतं. जीभ चावून तो म्हणाला, "घ्या! झाला ना माहा मनोहर!" आजूबाजूच्या पानांवरची माणसं हसली. मग ज्यांना ठाऊक होतं ती गप्प झाली, त्यांच्याकडे पाहून बाकीचीही गप्प झाली, आणि तो माणूस बादली धरून तसाच उभा राहिला. वरण सांडलं तर एवढं काय झालं, ते त्याला कळेना. तो दुसऱ्या मोहल्ल्यातून आणलेला होता. समोर स्टुलावर तुमचा हार घातलेला फोटो होता, पण तो कोणाचा हे त्याला कोणी सांगितलं असणार?

मी स्वयंपाकघराच्या दारात होते. आपल्या सुलभानं माझं मनगट धरलं. तिला वाटलं, मी त्याच्या अंगावर धावून जाईन, वीस वर्षं जात आले तशी. मी गेले नाही. म्हटलं, "वाढा जी, भात थंडा होऊन राहिला." आणि आत जाऊन भिंतीला टेकून बसले.

तुमचं नाव मी आयुष्यात किती कमी वेळा घेतलं! लग्नात उखाण्यातून, सुलभाच्या बारशाला, आणि संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बायांनी दार अडवलं तर. रेशनच्या दुकानात घरधन्याचं नाव विचारलं की मी शेजारणीला पुढे करायचे. आपल्याकडे तशी रीतच होती आणि मला ती कधी जड गेली नाही. जड गेलं ते हे, की जे नाव मी इतकं सांभाळून ठेवलं, ते साऱ्या मोहल्ल्यानं हसायला घेतलं. कोणाची चप्पल तुटली, मनोहर झाला. कोणी नवरीच्या बापाऐवजी आचाऱ्याला नमस्कार केला, मनोहर झाला. माझ्या बालवाडीतल्या लेकरांच्या हातून दुधाचा पेला सांडला तरी तीच आरोळी. त्यांना मी काय सांगणार होते, की हे माणसाचं नाव आहे, आणि तो माणूस संध्याकाळी माझ्या घरी जेवतो?

हे सगळं सुरू कसं झालं ते मला ठाऊक आहे, असं परवापर्यंत वाटत होतं.

तुमचा आवाज मोठा चांगला होता. मोठा म्हणजे जोराचा नव्हे. ऐकणाऱ्याला वाटायचं, हा माणूस माझ्याशीच बोलून राहिला. विणकरांच्या सोसायटीच्या दुकानात तुम्ही काउंटरवर उभे असायचे तेव्हा बाया एक लुगडं घ्यायला यायच्या आणि उगाच तासभर काठपदर पाहत बसायच्या. कारण तुम्ही प्रत्येक लुगड्याची हकिकत सांगायचे. हे कोणत्या गल्लीत विणलं, विणणाऱ्याच्या घरी तेव्हा काय चाललं होतं, या काठाला असं नाव का पडलं. खरं किती आणि जुळवलेलं किती, ते मला कधी कळलं नाही.

मग मोहल्ल्यात कोणी गेलं की शोकसभेला तुम्हालाच उभं करू लागले. तुम्ही गेलेल्या माणसाबद्दल दोन शब्द बोललात की घरच्यांना बरं वाटायचं. ज्याला जिवंतपणी कोणी विचारलं नाही अशा म्हाताऱ्याबद्दलही तुम्ही काहीतरी शोधून आणायचे. त्याच्या हातच्या गाठी कशा सुटायच्या नाहीत, तो उन्हाळ्यात रांजण भरून रस्त्यावर कसा ठेवायचा. त्या वर्षी मोहल्ल्यात मरणं फार झाली. दर थोड्या दिवसांनी तुम्ही कोणाच्या तरी अंगणात उभे असायचे, हात जोडून.

त्याच उन्हाळ्यात देवाजी मास्तर निवृत्त झाले. अर्धा मोहल्ला त्यांच्या हाताखाली शिकला होता. तुम्हाला तर त्यांनी हातमागाच्या खड्ड्यातून उचलून नेलं होतं, तुमच्या वडिलांशी भांडून. "याच्या पायाले माग नाही, याच्या तोंडाले शाळा पाह्यजे," असं ते म्हणाले होते म्हणे. शाळेच्या मैदानात सत्काराचा मांडव पडला. आमदार येणार होते. मास्तरांबद्दल तुम्हीच बोलायचं असं ठरलं. आठवडाभर तुम्ही घरात येता-जाता पुटपुटत होते. मी भाकरी थापायचे आणि तुम्ही दारात उभं राहून मलाच विचारायचे, "हे सांगू का वं? का जास्त होईन?"

मी बायांच्या बाजूला सतरंजीवर मास्तरीणबाईंच्या शेजारी बसले होते. तुम्ही बोलायला लागलात आणि मैदानात चिडीचूप झालं. मागाच्या खड्ड्याचं सांगितलं. मास्तर पावसात शाळेचं छत गळायचं तेव्हा स्वतःची छत्री पोरांवर धरून पाढे म्हणून घ्यायचे, ते सांगितलं. मास्तरीणबाई पदरानं डोळे पुसत होत्या. आमदारही खाली पाहत होते. आणि तुम्ही शेवटाला आलात. आवाज खाली आणला, हात जोडले आणि म्हणालात, "ईश्वर त्यांच्या आत्म्याला चिरशांती देवो. आता आपण सारे दोन मिनिटं स्तब्ध उभे राहू."

आणि लोक उभे राहिले! तुम्ही म्हटलं म्हणून उभे राहिले. माझ्या भोवतीच्या बाया उठल्या. मीही अर्धी उठले. खुर्चीवरून मास्तर स्वतः उठले, मान खाली घालून. थोडा वेळ सारं मैदान तसंच उभं होतं. मग मास्तरांनी मान वर केली आणि ते म्हणाले, "अगा मनोहर, मी जित्ता आहो ना गा अजून!"

अजी, त्या हसण्याचा आवाज मी अजून विसरले नाही. मास्तर हसत होते, आमदार हातातल्या हारासकट हसत होते. मांडवाचा खांब धरून माणसं हसत होती. वाईट मनानं कोणी हसत नव्हतं, हे मला आज कळतं. तुम्ही मात्र हात जोडलेलेच उभे होते. माइक चालू होता. हसणं जरा ओसरलं की तुमचा श्वास साऱ्या मैदानाला ऐकू यायचा आणि लोक पुन्हा हसायचे.

मास्तरीणबाई हसल्या नाहीत. त्यांनी कपाळावरच्या कुंकवावर हात दाबून धरला आणि उठून घरी गेल्या. त्यानंतर त्यांनी मला कधी हळदीकुंकवाला बोलावलं नाही. रस्त्यात दिसल्या तर पलीकडून जायच्या. तुमच्या जिभेवर काही आहे असं त्यांना वाटायचं. पुढे त्याच आधी गेल्या, भरल्या कुंकवानं, आणि मास्तर राहिले. पण तेवढी वर्षं आमच्या दोघींची वाया गेली. मला माहेरसारखं एकच घर होतं त्या मोहल्ल्यात.

तुम्ही मात्र दुसऱ्या दिवशी नेहमीसारखे उठलात, दाढी केलीत, चौकात पान खाऊन दुकानात गेलात. संध्याकाळी आलात तेव्हा हसत होते. मी म्हटलं, चला, निभावलं. काही दिवसांनी तो शब्द पहिल्यांदा माझ्या कानावर आला, नळावर. एकीची घागर दुसरीच उचलून निघाली होती. "तिचा मनोहर झाला," म्हणून बाया हसल्या आणि मला पाहून घागरींत तोंडं घातली. मी घरी येऊन तुम्हाला सांगितलं. तुम्ही म्हणालात, "म्हनू दे वं. चार दिवस म्हनतीन."

चार दिवस! मग दुकानात येणाऱ्या बाया लुगडं पाहता पाहता तुमच्याकडे पाहून पदर तोंडाला लावू लागल्या. तुम्ही स्वतःच मॅनेजरला सांगून काउंटरवरून मागं गोदामात गेलात, गठ्ठे बांधायला. शोकसभांचं बोलावणं येईना, आलं तर तुम्ही जायचे नाही. तुमच्या जागी जे बोलायचे ते सारे 'कैलासवासी' म्हणून सुरू करायचे आणि 'अपरिमित हानी' म्हणून संपवायचे. ज्यांच्या घरचं माणूस गेलं त्यांना त्यातून काहीच मिळायचं नाही.

तो आवाज मग मला एकटीला आला. मी तांदूळ निवडत बसले की तुम्ही मला पेपर वाचून दाखवायचे. बाजारभाव, हवामान, कळमेश्वरला कोणता कारखाना निघणार, सारं. बाजारभावसुद्धा तुम्ही असे वाचायचे की तुरीच्या डाळीची काळजी वाटावी. एका सभेला पुरेल असा आवाज माझ्या स्वयंपाकघरात होता, आणि मला ते आवडायचं. हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही. लोकांवरच्या रागातून सवड मिळाली असती तर सांगितलं असतं.

राग मी फार केला. पानठेलेवाल्या मारोतीशी बोलणं बंद केलं, कारण मला वाटायचं शब्द तिथूनच निघाला. नळावरच्या बायांशी भांडले. तुम्हाला म्हटलं, "सावनेरले बदली मागा, उमरेडले चला, कुठंही चला." तुम्ही म्हणायचे, "काहून जायचं? मी कोणाचं काय खाल्लं?" हा वाद आपला शेवटपर्यंत मिटला नाही. मी म्हणायचे, "फजिती म्हना, पचका म्हना, शब्द काय कमी आहेत जी? तुमचंच नाव काहून पाह्यजे यायले?" तुम्ही विचारात पडायचे. एकदा म्हणालात, "फजितीत कोनी मानूस दिसत नाही वं. याच्यात दिसते." मी म्हटलं, "दिसते ना! म्हनूनच तर."

मास्तर अधूनमधून घरी यायचे, बायकोला न सांगता. एका रविवारी त्यांनी तुम्हाला विचारलं, "फजिती हा शब्द कुठला आहे, माहीत आहे का गा?"

"आपलाच असीन," तुम्ही म्हणालात.

"आपला कायचा! फजीहत. अरबी आहे. फारशीतून हिंडत हिंडत आपल्याकडे आला. मोमिनपुऱ्यातले विणकर पाह्य, ते आजही फजीहतच म्हनते. तिकडे लय वजनदार शब्द होता तो. नाचक्की, बेअब्रू, तोंड दाखवाले जागा नाही, असा अर्थ. आपल्याकडे येता येता हलका झाला. आता लेकरू घसरून पडलं तरी आपून म्हनतो, फजिती झाली."

तुम्ही फार मन लावून ऐकत होते. मग विचारलं, "हलका व्हाले किती वर्षं लागली असतीन मास्तर?"

"शेकड्यानं."

"मंग माह्यावाला लवकर हलका झाला म्हनाचा," असं म्हणून तुम्ही हसलात. मास्तरही हसले. मी चहा त्यांच्यापुढे आदळला आणि आत गेले. तुम्हाला स्वतःच्या नावाची अशी चेष्टा करवते कशी, याचाच मला संताप यायचा.

एकदाच तुम्ही त्या शब्दापायी रागावलात. दुधात पाणी घालताना गवळी पकडला गेला आणि कोणीतरी ओरडलं, "गवळ्याचा मनोहर झाला!" तुम्ही खाटेवर पडला होता, ते उठून बाहेर गेलात. भर रस्त्यात त्या माणसाला म्हणालात, "याले मनोहर नाही म्हनत. यानं लबाडी केली. याची फजिती झाली. मनापासून चांगलं कराले जावं अन् भलतंच व्हावं, त्याले मनोहर म्हनते. समजलं का गा?" लोक पाहतच राहिले. तो माणूस खाली पाहून "हो जी" म्हणाला. तुम्ही थरथरत घरात आलात. मला वाटलं, आता यांचा बांध फुटला, आता हे भांडतील आणि हा शब्द बंद होईल. पण तुम्ही शब्द बंद करा म्हणालाच नव्हता. नीट वापरा म्हणाला होता. ते माझ्या लक्षातच आलं नाही.

मग सुलभाचं लग्न. सावनेरची मंडळी तिला पाहायला आली. सावनेर म्हणजे दुसरं जग, असं मी समजत होते. मुलगा खाणीच्या ऑफिसात कारकून, माणसं साधी. मुलाच्या मामानं चहाची बशी उचलली आणि सारा चहा स्वतःच्या पांढऱ्या धोतरावर घेतला. "घ्या, इथंही माहा मनोहर!" असं म्हणून तो स्वतःच खो खो हसला. सुलभा पोह्यांचा ट्रे घेऊन उभी होती. तिचा चेहरा मला दिसत होता. तुम्ही उठलात, खुंटीवरचा पंचा आणून त्याच्या हातात दिलात आणि त्याच्याबरोबर हसलात. मग मुलाच्या वडिलांनी विचारलं, "तुमचं शुभनाव काय म्हटलं जी?" तुम्ही आपलं नुसतं आद्याक्षर सांगितलंत. नाव सांगितलं नाहीत.

लग्नपत्रिकेवर तुम्ही तेच छापायला दिलंत. पोरीच्या बापाचं नाव नाही, नुसतं 'म.' मी म्हटलं, "तुम्ही काय चोरी केली का? पोरीच्या पत्रिकेवर बापाचं नाव नको?" तुम्ही म्हणालात, "तिच्या सासरी तिच्या बापाचं नाव हसाले नको वं." मी रडले, जेवले नाही, तुम्ही ऐकलं नाही. एरवी घरातल्या माझ्या हट्टापुढे झुकणारा माणूस याही गोष्टीत दगडासारखा झाला.

पहिल्या दिवाळीला सुलभा माहेरी आली. तुम्ही फराळाचं आणायला गेला होता तेव्हा ती माझ्याजवळ बसून म्हणाली, "आई, तिकडे रोज म्हनते वं. सासूबाई म्हनते, दीर म्हनते. मीही हसतो त्यायच्यासंगं." मी तिला पोटाशी धरलं. तुम्ही चिवड्याचा पुडा घेऊन आलात तेव्हा आम्ही दोघी डोळे पुसत होतो. तुम्ही विचारलं नाही. कदाचित दारातून ऐकलं असेल. मला कधीच कळणार नाही.

तुमचं दुखणं फार लांबलं नाही. पोट फुगलं, पिवळे झालात, डॉक्टरांनी सुलभाच्या नवऱ्याला बाजूला नेऊन काय ते सांगितलं. दवाखान्यात शेजारच्या खाटेवर एका म्हाताऱ्याची सून होती. तिनं चुकून तुमचंच औषध आपल्या सासऱ्यापुढे धरलं आणि हसत म्हणाली, "अजून एक मनोहर झाला असता ना बाप्पा!" मी ताडकन उठले. तुम्ही माझा पदर धरलात. हातात काही जोर उरला नव्हता, तरी सोडला नाही.

"राहू दे वं. तिचा काय दोष?"

"मंग कोनाचा दोष आहे?" मी विचारलं. "इतक्या वर्षांत एकदा तरी सांगा, कोनाचा आहे?"

तुम्ही भिंतीकडे तोंड वळवलं. मला वाटलं, वेदना झाली. मी पाठीवरून हात फिरवत बसले. ते आपलं शेवटचं धड बोलणं. त्यानंतर तुम्ही पाणी मागितलं, सुलभाला हाक मारली, पण बोलणं म्हणावं असं काही नाही.

पाहुणे गेल्यावर परवा देवाजी मास्तर आले. आता काठीशिवाय चालवत नाही त्यांना. तुम्हाला घाटावर पोचवायलाही आले होते. ज्याला तुम्ही भर सभेत श्रद्धांजली वाहिली तो माणूस तुमच्या चितेपुढे उभा होता आणि त्या दिवशी कोणालाही हसू आलं नाही. ते ओसरीवर बसले. मी मारोतीचं नाव काढलं, कारण तोही तेरवीला येऊन बसला होता आणि मी त्याला पाणीही विचारलं नव्हतं. म्हटलं, "मास्तर, ज्यानं हा शब्द काढला त्याचं भलं होनार नाही."

मास्तरांनी काठी बाजूला ठेवली. मग म्हणाले, "पोरी, मारोतीनं नाही काढला. मनोहरनंच काढला."

मला वाटलं, वयामुळे ते काहीतरी बोलून राहिले.

"सत्काराच्या दुसऱ्या दिवशी मी त्याले धुंडत चौकात गेलो," ते म्हणाले. "पानठेल्यावर पाच-सहा जण होते. सारे चूप. कोनालेच त्याच्याकडे पाहवत नव्हतं. तो एकटा उभा, जसं काही खून करून आला. मारोतीनं मले पान देल्लं, अन् हडबडीत त्याच्यात तंबाखू टाकला. मी आयुष्यात तंबाखू खाल्ला नाही. थुकलो, खोकलो. मारोतीचं तोंड पाहण्यासारखं झालं. तं मनोहर हसून म्हने, 'घ्या मास्तर, याचाही मनोहर झाला!' तसे सारे हसले. मीही हसलो. तोही हसला, डोळ्यात पानी येईपर्यंत. बरं वाटलं पोरी. त्याले वाटलं, सुटलो. मलेही वाटलं, सुटला."

"मंग?"

"मंग काय. दुसऱ्या दिवशी तो तिथं नव्हता, शब्द होता."

मी विचारलं, "तुम्हाले माहीत होतं तं मले काहून नाही सांगितलं?"

"त्यानं शपथ घातली होती. म्हने, मास्तर, तिचा राग लोकायवर आहे ते राहू द्या. तो माह्यावर आला तं मी कुठं जाऊ?"

मास्तर गेल्यावर मी ओसरीवरच बसून राहिले. अजी, खरंच तुम्हाला असं वाटलं? तुमच्यावर मी रागावले नसते, असं लिहायला हात पुढे होतो आणि थांबतो. कोणास ठाऊक. कदाचित रागावलेही असते. पण तो राग घरातला असता, दोन दिवसांत भाकरीच्या वाफेबरोबर गेला असता. तुम्ही तो बाहेर राहू दिलात आणि मी वीस वर्षं एका पानठेलेवाल्याला शाप देत राहिले. रोज संध्याकाळी मी लोकांना नावं ठेवायचे आणि तुम्ही समोर बसून ऐकायचे. एकेक शब्द तुम्हालाच लागत होता, आणि तुम्ही वाटी पुढे करून म्हणायचे, "वरन वाढ वं थोडं." एवढा वेळ तुम्ही एकटेच होता तर. मी समजत होते, आपण दोघं एका बाजूला आहोत आणि मोहल्ला दुसऱ्या. तसं नव्हतं.

आता तो रागही गेला. कोणावर करू? मारोतीला बोलावून काय सांगू? गवळ्याच्या दिवशी तुम्ही का थरथरत होता ते आज कळलं, पण कळून उपयोग नाही. विचारायला माणूस नाही, भांडायला नाही. सुलभा सावनेरला परत गेली. पेपर बंद केला. तो मला माझ्या आवाजात वाचवत नाही.

काल भाजी घ्यायला सक्करदऱ्याच्या बाजारात गेले. कॉलेजातल्या दोन पोरी पुढे चालत होत्या. एक दुसरीला सांगत होती, "काय सांगू वं तुले! मी मॅडमले फूल द्याले गेलो, अन् ते त्यायच्या डब्यातच पडलं. असा मनोहर झाला ना माहा!" दुसरी हसत सुटली. मी जागच्या जागी थांबले. धावून जावंसं वाटलं नाही. माझ्या मनात एवढंच आलं, की तेरवीपासून, मास्तर सोडले तर, तुमचं नाव मी कोणाच्याच तोंडून ऐकलं नव्हतं. सुलभा बाबा म्हणते. शेजारीपाजारी 'ते गेले' म्हणतात. मी तर काय.

मी त्या पोरींच्या मागे चालू लागले. अगदी जवळून, कांद्यांच्या ढिगांमधून, टोपल्या ओलांडत. वाटलं, ती पुन्हा एकदा म्हणेल. त्या परीक्षेबद्दल बोलल्या, कोणाच्या तरी बहिणीच्या लग्नाबद्दल बोलल्या, रिबिनीच्या रंगाबद्दल बोलल्या. तलावापर्यंत मी मागे गेले. तिथं त्यांनी सायकली घेतल्या आणि गेल्या.

पिशवी रिकामीच होती. मी परत बाजारात शिरले आणि गर्दीच्या मधोमध कान देऊन उभी राहिले. कोणाच्या हातून काही सांडेल, कोणी भलत्यालाच हाक मारेल, म्हणून. भाजीवाल्यांची पालं उठेपर्यंत उभी होते. कोणी चुकलं नाही.